वायरटॅप सुरू होईपर्यंत

रस्त्यावर एक मुलगा मरून पडलाय. रक्ताच्या ओघळावर पोलिसांच्या गाड्यांचा निळा-लाल उजेड पडतोय. मॅकनल्टी नावाचा डिटेक्टिव्ह पायऱ्यांवर बसून मयताच्या ओळखीच्या एका पोराशी बोलतोय. पोरगा सांगतो, हा दर शुक्रवारी गल्लीत फाशांचा जुगार खेळायला यायचा आणि डावात पैसे साठले की सगळे उचलून पळत सुटायचा. मग त्याला पकडायचे, चोप द्यायचे आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा खेळायला घ्यायचे. या खेपेला कुणीतरी गोळी घातली. दर वेळी पळायचा तर त्याला खेळायला घेत का होतात, असं मॅकनल्टी विचारतो. पोरगा म्हणतो, घ्यावंच लागतं, ही अमेरिका आहे.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात घडणाऱ्या ‘द वायर’ या मालिकेची ही सुरुवात. मी सवयीने मनाशी नोंद केली: मयत कोण, साक्षीदार कोण, हत्यार अजून सापडायचंय. तासाभराचा तो भाग संपला तरी या खुनाचं नाव पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या भागात नाही, तिसऱ्यात नाही, पुढेही कधीच नाही.

गुन्ह्यांच्या गोष्टींची माझी सवय जुनी. घरात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या. मग मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ आली आणि १९९८पासून ‘सीआयडी’. या सगळ्यांचा प्रेक्षकाशी एक करार असतो. गुन्हा सुरुवातीला, उलगडा शेवटी आणि मधे जे दाखवतील त्याचा शेवटाशी संबंध असणार. हा करार मला अजूनही आवडतो. पण ‘द वायर’ने तो मान्यच केलेला नाही, आणि हे पहिल्या दृश्यातच सांगून टाकलंय. ते माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

मालिका सुचवली माझ्या भाच्याने. तो पुण्यात वकिली करतो, नुकतीच सुरू केली आहे. “मावशी, चौथ्या भागापर्यंत बंद करू नकोस,” तो म्हणाला, “नंतर नाही आवडली तर मला बोल.” मी विचारलं, चांगल्या मालिकेला चार भाग का लागावेत? त्याचं उत्तर त्याने तेव्हा दिलं नाही.

पहिल्या भागात काय चाललंय ते कळेना. कोर्टात डिअँजेलो बार्क्सडेल नावाच्या तरुणावर खुनाचा खटला चालू आहे. एक साक्षीदार ऐन वेळी साक्ष फिरवते आणि तो सुटतो. मागच्या बाकावर स्ट्रिंगर बेल नावाचा चष्मा लावलेला, नीटनेटका माणूस बसलाय. मला तो वकील वाटला. तो अमली पदार्थ विकणाऱ्या बार्क्सडेल टोळीचा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस निघाला. मॅकनल्टी न्यायाधीशाच्या खोलीत जाऊन काहीतरी बोलतो, त्यावरून न्यायाधीश वरच्या साहेबाला फोन करतो, वरचा साहेब खालच्या साहेबाला झापतो आणि खालचा मॅकनल्टीवर पेटतो. हे सगळे एकमेकांचे कोण, कोण कुणाला उत्तर द्यायला बांधील आहे, हे कुणीही प्रेक्षकाला सांगत नाही. बाल्टिमोरच्या रस्त्यावरची इंग्रजी तर सबटायटल्स लावूनही निम्मी डोक्यावरून गेली. अक्षरं वाचता येत होती, वाक्याचा पत्ता लागत नव्हता.

शिवाय पार्श्वसंगीत नाही. कुणाच्या गाडीत रेडिओ लागला असेल, बारमध्ये गाणं चालू असेल तेवढंच ऐकू येतं. आपल्याकडे सासूबाई दारात उभ्या राहिल्या तरी तबला-व्हायोलिन मिळून सांगतात की आता लक्ष द्या. इथे महत्त्वाचं वाक्य आणि बिनमहत्त्वाचं वाक्य एकाच सुरात येतं. त्यामुळे सगळंच ऐकावं लागतं, आणि त्याने डोकं खरोखर दमतं.

पहिल्या भागाच्या शेवटी एक प्रेत सापडतं, आणि क्षणभर कोर्टातलं दृश्य पुन्हा दाखवतात: हा त्या खटल्यातला दुसरा साक्षीदार, ज्याने साक्ष फिरवली नव्हती. मालिकेचा कर्ता डेव्हिड सायमन याला हे मागचं दृश्य घालायचं नव्हतं, ते एचबीओ वाहिनीच्या आग्रहामुळे आलं. असं पुन्हा दाखवणं त्यानंतरच्या एकोणसाठ भागांत कुठेही नाही. जाणकार या दृश्याला नाक मुरडतात. माझं मत वेगळं आहे. तो चेहरा पुन्हा दाखवला नसता तर मी त्या माणसाला ओळखलं नसतं, आणि खरं बोलल्याबद्दल एक माणूस मेला ही गोष्ट माझ्या हातून निसटली असती. नवख्या प्रेक्षकाचा हात एकदा धरला तर मालिकेचं काही बिघडत नाही.

दुसऱ्या भागात तपासाची तुकडी जमते आणि गोंधळ वाढतो. लेफ्टनंट डॅनियल्सला बार्क्सडेल टोळीचा छडा लावायला माणसं दिली जातात, ती प्रत्येक खात्याने नको म्हणून टाकून दिलेली. बसायला तळघर. दोन म्हातारे डिटेक्टिव्ह दारूत बुडालेले. प्रेझबिलुस्की, ज्याला सगळे प्रेझ म्हणतात, तो एका मेजरचा जावई. स्वतःच्याच सरकारी गाडीवर गोळ्या झाडून बसलेला. ही तुकडी केस सोडवण्यासाठी नेमलेली नाही, न्यायाधीशाचं तोंड बंद करण्यासाठी नेमली आहे, हे हळूहळू उमगतं. याच भागात तीन पोलीस रात्री दारू पिऊन टोळीच्या इमारतींखाली जातात आणि प्रेझ चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर पिस्तुलाची मूठ हाणतो. मुलाचा एक डोळा जातो. डॅनियल्स, जो आत्तापर्यंत बरा माणूस वाटत होता, प्रेझला चौकशीत काय सांगायचं ते शिकवतो. इथे मी टीव्ही बंद केला. कंटाळ्यामुळे नव्हे. कुणाच्या बाजूने बसून हे बघायचं, ते कळेना म्हणून.

तरी पुन्हा लावला, आणि त्याला कारण डिअँजेलो. खटल्यातून सुटल्यावर त्याचा मामा ॲव्हन त्याला उंच इमारतींमधून काढून बैठ्या चाळींच्या अंगणात पाठवतो. ही त्याची पदावनती. अंगणाच्या मधोमध एक नारिंगी सोफा टाकलाय, त्यावर बसून तो पोरांचं काम बघतो. पहिल्याच दिवशी त्याला चूक दिसते. पोरं गिऱ्हाइकाकडून पैसे घेतात आणि तिथल्या तिथे माल देतात. तो म्हणतो, कुणी फोटो काढत असेल तर एकाच फोटोत सगळं येईल. मग व्यवहाराचे तुकडे होतात. एक जण पैसे घेणार, दुसरा लांबून खूण करणार, तिसरा वेगळ्या ठिकाणी पुडी देणार. माल कुणाच्याच खिशात राहणार नाही. ज्याच्या हातात पैसे आहेत त्याच्याकडे माल नाही, ज्याच्याकडे माल आहे त्याने पैशाला हात लावलेला नाही, आणि ज्याच्या नावाने धंदा चालतो तो ॲव्हन बार्क्सडेल तर अंगणात पाऊलही टाकत नाही. पोलिसांकडे त्याचा फोटोसुद्धा नाही. हे नीट बघितल्यावर मला पहिल्यांदा प्रश्न समजला: पकडायचं कुणाला, आणि कशाच्या आधारावर? खून कुणी केला हे आम्हा प्रेक्षकांना आणि पोलिसांना बहुतेक वेळा माहीतच असतं. कोर्टात उभं राहील असं काही हातात नसतं.

चौथ्या भागात एका स्वयंपाकघरातलं दृश्य आहे. या दृश्याबद्दल भाच्याने मला आधी काही सांगितलं नव्हतं, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मॅकनल्टी आणि त्याचा जोडीदार बंक एका जुन्या खुनाच्या जागी जातात. रिकामं घर. बंक जुने फोटो जमिनीवर मांडतो, प्रेत पडलं होतं त्याच जागी. मॅकनल्टी पोलादी टेप घेऊन अंतर मोजतो, टेप सटकून बोटाला लागते. पाचेक मिनिटं दोघं एक इंग्रजी शिवी सोडून दुसरा शब्द उच्चारत नाहीत. तीच शिवी कधी आश्चर्याने, कधी वैतागाने, कधी ‘अरे, असं आहे होय’ म्हणून. आपल्याला त्यांच्या नजरेमागे जावं लागतं. फोटोतली बाई कुठे उभी होती? गोळी कोणत्या कोनात शिरली? काच कुठल्या बाजूला सांडली होती? मारेकरी घरात आलाच नव्हता, खिडकीबाहेर उभा होता. मग गोळी अंगातून आरपार जाऊन कुठे थांबली असेल? फ्रिजमध्ये. मॅकनल्टी पक्कड लावून ती उपसून काढतो. दोघं बाहेर जातात आणि गवत-मातीत गोळीची पुंगळी सापडते. याच भागात डिअँजेलो अंगणातल्या पोरांना एका बाईच्या खुनाची गोष्ट सांगतो, ज्यात कुणीतरी खिडकीवर टकटक करतं. दोन टोकांना बसलेली दोन माणसं एकाच खिडकीबद्दल बोलत आहेत हे फक्त आपल्याला माहीत असतं. मी ते दृश्य थांबवून मागे नेलं आणि पुन्हा पाहिलं. आता मला सबटायटल्सची गरज नव्हती, कारण वाचायला काही नव्हतंच.

तळघरात एका कोपऱ्यात एक माणूस बसून बाहुलीघराचं इवलंसं लाकडी फर्निचर घडवत असतो. लेस्टर फ्रीमन. तेरा वर्षं चार महिने त्याला गहाणवटीच्या दुकानांवर नजर ठेवणाऱ्या शाखेत डांबून ठेवलंय, कारण एका केसमध्ये त्याने वरिष्ठांचं ऐकलं नाही. सगळे धरून चाललेत की हाही गाळ आहे. तोच माणूस कुठून तरी मुष्टियुद्धाचं जुनं पोस्टर काढून आणतो आणि ॲव्हनचा चेहरा पहिल्यांदा पोलिसांच्या भिंतीवर लागतो. तोच टोळीच्या सोडलेल्या खोलीत भिंतीवर खरडलेला एक नंबर टिपून घेतो, तो डिअँजेलोच्या पेजरचा निघतो. एका रात्री तो मॅकनल्टीला सांगतो, कुठे बदली नकोय असं साहेबांनी विचारलं तर तोंड उघडू नकोस, नेमके तिथेच पाठवतात. मॅकनल्टीला बोटीवरची ड्युटी नको आहे. हे वाक्य लक्षात ठेवावं.

पेजर म्हटल्यावर तरुण वाचकांना सांगायला हवं: एका बाजूने फोनवरून आकडे पाठवायचे, दुसऱ्याच्या कमरेच्या डबीवर ते उमटायचे, आणि मग त्याने जवळच्या सार्वजनिक फोनवरून त्या नंबरला फोन करायचा. पोलीस डिअँजेलोच्या पेजरची हुबेहूब प्रत मिळवतात, पण त्यावर उमटणारे नंबर कुठलेच लागत नाहीत. टोळीची गुप्त लिपी आहे. ती फोडतो प्रेझ. तोच, ज्याच्यामुळे एका पोराचा डोळा गेला. टोळीतली पोरं अंकगणितात कच्ची आहेत, त्यामुळे बेरीज-वजाबाकी लागेल अशी लिपी ती वापरणार नाहीत, असं तळघरातल्या लोकांना वाटतं. प्रेझ फोनच्या बटणांकडे बघत बसतो. मधल्या पाचवरून पलीकडे उडी मारायची. एकच्या जागी नऊ, दोनच्या जागी आठ, तीनच्या जागी सात, चारच्या जागी सहा. पाच आणि शून्य एकमेकांच्या जागी. मी दिनदर्शिकेच्या पाठीवर बटणांचा चौकोन काढून स्वतःचा नंबर तसा लिहून पाहिला. लेखणी कागदावर न टेकवता, नुसतं बोट फिरवूनही जमतं. इतकं सोपं, आणि म्हणून शाळा सोडलेल्या पोराला घाईत, रस्त्यावर उभ्यानेही जमणारं.

हे बघताना मला आनंद झाला आणि लगेच अस्वस्थही वाटलं. प्रेझ आवडावा अशी मालिकेची मागणी नाही, त्याचा गुन्हा ती पुसत नाही. तो आकड्यांत हुशार आहे आणि बंदूक हातात असताना धोकादायक आहे, दोन्ही खरं. अशी माणसं मला प्रत्यक्षात माहीत आहेत, टीव्हीवर फारशी भेटलेली नव्हती.

इथपर्यंत आल्यावर मी भाच्याला फोन केला. पाच भाग झाले, मालिकेच्या नावातली वायर कुठे आहे? फोन टॅप करायला इतका वेळ का लागतो? आता तो खुलला. म्हणाला, “अगं मावशी, त्यांना लगेच ऐकताच येत नाही.” अमेरिकेच्या १९६८च्या कायद्याप्रमाणे फोन ऐकायची परवानगी न्यायाधीश देतो, आणि अर्जात दाखवावं लागतं की साध्या मार्गांनी प्रयत्न केले, ते फसले, किंवा फसणारच होते, किंवा जिवावर बेतणारे होते. पाळत ठेवली, खबरी लावले, माल विकत घेण्याचे सापळे रचले, आणि तरी वरपर्यंत पोचता आलं नाही. परवानगी मिळाल्यावरही गुन्ह्याशी संबंध नसलेलं बोलणं ऐकायचं नाही, तिथे कान काढून घ्यायचा. आपल्याकडे ही परवानगी न्यायाधीश देत नाही, गृहसचिव देतो, असंही त्याने सांगितलं आणि त्यावर तो बराच वेळ बोलत राहिला.

त्या फोननंतर मला पहिल्या भागांची रचना दिसली. ज्याला मी रेंगाळणं म्हणत होते, त्या पायऱ्या होत्या. बबल्स नावाचा गर्दुल्ला खबऱ्या टोप्या विकायच्या निमित्ताने अंगणात फिरतो आणि ज्यांचा फोटो हवा त्यांच्या डोक्यावर लाल टोपी ठेवतो. गच्चीवरून डिटेक्टिव्ह किमा ग्रेग्ज कॅमेरा रोखून बसलेली असते. फोटो मिळतात, वरचा माणूस मिळत नाही. छापे पडतात, माल मिळत नाही. यातला प्रत्येक फसलेला प्रयत्न त्या अर्जातला एक परिच्छेद आहे. सार्वजनिक फोन टॅप झाल्यावरही कुणी तरी गच्चीवर बसून बघावं लागतं की फोनवर टोळीचाच माणूस आहे. आणि तळघरात कानाला हेडफोन लावून बसलेल्याने त्याप्रमाणे ऐकायचं किंवा बंद करायचं.

सहावा भाग सुरू होतो तेव्हा या सगळ्याची किंमत समोर येते. सोळा वर्षांचा वॉलेस, नारिंगी सोफ्याभोवतीच्या पोरांपैकी सगळ्यात कोवळा, एका पडक्या घरात राहतो. शेजारून ओढलेल्या वायरवर वीज. त्याच्याबरोबर त्याच्याहून लहान पोरं आहेत, ज्यांना कुणी नाही. सकाळी तो त्यांना उठवतो, ज्यूसचा खोका आणि वेफर्सचं पाकीट प्रत्येकाच्या हातात देतो आणि शाळेत पिटाळतो. बाहेर, त्याच घराच्या मागे, गाडीच्या बॉनेटवर एका तरुणाचं छळून मारलेलं प्रेत टाकलेलं आहे. तो तरुण अमुक ठिकाणी आहे ही खबर वॉलेसनेच फोनवरून वर पोचवली होती. त्या रात्रीचे पेजरवरचे आकडे पोलिसांकडे आहेत. कुणी कुणाला कधी फोन केला याची साखळी ते नंतर जोडू शकतात. बोलणं मात्र कुणी ऐकलेलं नाही, कारण ऐकायची परवानगी अजून आलेली नव्हती.

मी कितीतरी गुन्हेकथा वाचल्या-पाहिल्या, पण तपासाला लागणारा वेळ एखाद्याच्या जिवावर उठतो आणि तरी तो वेळ घेणंच बरोबर असतं, हे इतकं उघडं कुणी दाखवलं नव्हतं. न्यायाधीशाला न विचारता पोलिसांनी प्रत्येकाचा फोन ऐकावा असं मला वाटत नाही. तो तरुण मेला तेही मला सहन होत नाही. मालिका यातलं काहीच सोडवून देत नाही. वॉलेसचं पुढे काय होतं ते इथे लिहीत नाही. ते प्रत्येकाने बाराव्या भागापर्यंत जाऊन स्वतः बघावं.

हे असं कुणाला सुचलं, याचा शोध घेतला तेव्हा नवल वाटेनासं झालं. डेव्हिड सायमन ‘बाल्टिमोर सन’ या वर्तमानपत्राचा पोलीस-बातमीदार होता. १९८८चं अख्खं वर्ष त्याने खून शाखेत काढलं आणि १९९१मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा सहकारी एड बर्न्स स्वतः बाल्टिमोर पोलिसांत डिटेक्टिव्ह होता आणि निवृत्तीनंतर सरकारी शाळेत शिक्षक झाला. मेल्विन विल्यम्स नावाच्या अमली पदार्थांच्या बड्या व्यापाऱ्यावरचा तपास बर्न्सने केला होता, विल्यम्सला १९८४मध्ये अटक झाली, आणि सायमनने त्याच्यावर १९८७मध्ये वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. पुढे शिक्षा भोगून आलेल्या याच विल्यम्सने ‘द वायर’मध्ये चर्चच्या सेवकाची भूमिका केली. सात लाखांच्या आसपास वस्तीच्या बाल्टिमोरमध्ये १९९० ते १९९९ अशी सलग दहा वर्षं दरवर्षी तीनशेहून जास्त खून झाले होते. एवढे खून लिहिलेल्या बातमीदाराला एकाच खुनाचा नाट्यमय उलगडा रचावासा वाटणार नाही. पहिल्या दृश्यातला तो फासे खेळणारा पोरगा पुन्हा का आला नाही, ते मला या आकड्यावरून समजलं.

२ जून २००२ ते ९ मार्च २००८, पाच पर्वं, साठ भाग. त्या काळात प्रेक्षक थोडे होते आणि एमी पुरस्कार एकदाही मिळाला नाही. नामांकनं मिळाली ती दोन, दोन्ही लेखनासाठी. आठवड्याला एक भाग बघणाऱ्याने पहिला महिना कसा काढला असेल, याचा विचार करते तेव्हा त्या थोड्या प्रेक्षकांबद्दल मला आदर वाटतो. मला निदान लागोपाठ दोन भाग बघता आले. कुणी बघायला घेणार असेल तर दोन गोष्टी सांगेन: सबटायटल्स लावा, आणि नावं पाठ करायच्या मागे लागू नका. कोण कुणासमोर गप्प बसतो एवढं बघितलं तरी कोण कुठे आहे ते कळत जातं.

दुसरं पर्व भाच्याला आवडत नाही. तो म्हणतो, अंगण सोडून हे बंदरावर कशाला गेले. मला ते पहिल्यापेक्षा लवकर पकडता आलं. पुन्हा सगळी नवी माणसं, गोदी कामगारांची संघटना, क्रेन, कंटेनर, पुन्हा निम्मं न कळणं. मॅकनल्टीची बदली झाली आहे, अर्थातच बोटीवर. त्याला पाण्यात एका बाईचं प्रेत सापडतं, आणि कुठल्याच खात्याला ते आपल्या हद्दीत नको असतं. मग तो भरती-ओहोटीचे तक्ते आणि वाऱ्याची दिशा घेऊन बसतो आणि कागदावर सिद्ध करतो की ती बाई शहराच्याच हद्दीत पाण्यात पडली. हद्दीचा वाद आपल्याकडच्या कुठल्याही पोलीस ठाण्याच्या पायरीवर ऐकू येतो, त्यामुळे हे दृश्य मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. बंदरावरच्या एका कंटेनरमध्ये आणखी तेरा बायका मेलेल्या सापडल्या आहेत. त्यांची नावं अजून कुणाला माहीत नाहीत, आणि मी तिसऱ्या भागावर आहे.